पासष्टला आजारी, साठला बरा?

समजा, शाळेत ६५ किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्या मुलांना ‘कच्ची’ ठरवून त्यांच्यासाठी जादा तास घेतले आणि वर्षअखेरीस ६० गुणांवर ‘पक्की’ झाल्याचा शेरा दिला. मग ६५ गुणांचा मुलगा पाच गुण गमावूनही पक्का ठरेल! आपण शिक्षक ही गफलत लगेच पकडू. ब्रिटनमधील एका मोठ्या वैद्यकीय चाचणीत अशीच गफलत झाली आणि ती रुग्णांनी पकडली.

दीर्घकालीन थकवा हा विकार साध्या दमणुकीपेक्षा फार वेगळा आहे. थोड्याशा श्रमानेही रुग्णाची प्रकृती पुढे कित्येक दिवस ढासळते, विश्रांतीने ती भरून येत नाही. नेमके कारण अजून सापडलेले नाही. श्रमाची भीती आणि हालचालींअभावी आलेला अशक्तपणा यांमुळे आजार टिकून राहतो, असे काही तज्ज्ञांचे मत होते. म्हणून ते दोन उपचार सुचवीत: वर्तन-विचार उपचार आणि पायरीपायरीने वाढवायचा व्यायाम.

या उपचारांची पारख करण्यासाठी ‘पेस’ ही चाचणी झाली. तिच्यात ६४१ रुग्णांचे चार गट केले होते. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. वरील दोन्ही उपचारांनी २२ टक्के रुग्ण बरे झाले, असे २०१३ च्या पुढील लेखात म्हटले होते.

व्यायामाने आपली प्रकृती बिघडते हा अनेक रुग्णांचा अनुभव होता. त्यांनी २००७ मध्ये छापलेला चाचणीचा मूळ आराखडा आणि नंतरचे लेख शेजारीशेजारी ठेवून वाचले. शारीरिक क्षमता ० ते १०० अशा मापावर मोजली होती. चाचणीत प्रवेशासाठी ६५ किंवा कमी गुण हवे होते. ‘बरा’ ठरण्याच्या अनेक अटींपैकी एक मुळात ८५ गुणांची होती, ती आता ६० वर आली होती!

हे ६० आले कुठून? प्रौढ लोकसंख्येची सरासरी ८४, प्रमाण विचलन २४, वजाबाकी ६०. परंतु ही रीत घंटेच्या आकाराच्या वितरणाला शोभते. येथे बहुतेक निरोगी माणसे शंभराच्या आसपास असतात, आणि त्या लोकसंख्येत वृद्ध व आजारी माणसेही मोजलेली होती.

हे बदल विश्लेषणापूर्वी केले, असे संशोधकांचे उत्तर होते. तेव्हा ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने २०१४ मध्ये माहिती अधिकाराच्या ब्रिटिश कायद्याखाली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाकडे रुग्णांची नावे वगळलेली आकडेवारी मागितली. विद्यापीठाने नकार दिला. माहिती आयुक्तांनी २०१५ मध्ये ती देण्याचा आदेश दिला, विद्यापीठाने अपील केले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने ते फेटाळले.

आकडे हाती आल्यावर रुग्ण आणि काही शास्त्रज्ञांनी मिळून मूळ निकषांनी गणित मांडले. ‘बरे झालेले’ रुग्ण वर्तन-विचार उपचारात ७ टक्के आणि व्यायामात ४ टक्के निघाले. केवळ वैद्यकीय देखभाल मिळालेल्या गटात ते ३ टक्के होते. एवढ्या फरकावर उपचाराने रुग्ण बरे होतात असे म्हणता येत नाही.

हे दोन्ही उपचार २००७ पासून ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या शिफारशींत होते. पेससह सर्व पुरावे तपासून २०२१ मध्ये तिने ठरावीक गतीने वाढवायचा व्यायाम देऊ नये असे सांगितले. वर्तन-विचार उपचार हा आजार बरा करणारा उपाय म्हणून न देता केवळ आधार म्हणून द्यावा, असेही म्हटले. पेसच्या संशोधकांनी मात्र आपले निष्कर्ष सोडलेले नाहीत.

आम्हा संशोधकांना यातून एक धडा मिळतो: निकाल पाहण्याआधी निकष लिहावा, आणि तो बदलावाच लागला तर नव्याबरोबर जुन्या निकषाचा निकालही छापावा. ज्याच्या शरीरावर प्रयोग होतो त्याचा प्रश्न केवळ तक्रार म्हणून बाजूला सारू नये. शिक्षकांनी मुलांना एकच गुणपत्रिका द्यावी आणि उत्तीर्णतेची रेषा ८५ वरून ६० वर आणायला सांगावे. मुले तीच आणि गुणही तेच राहून निकाल किती बदलतो, हे त्यांना स्वतःलाच दिसेल.