म्हाताऱ्या घोड्याचा पाय

रोमचा थोरला केटो मोठा हिशेबी माणूस. शेतीवरच्या आपल्या ग्रंथात त्याने मालकाने काय काय विकून टाकावे याची यादी दिली आहे. म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारे, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम हे सारे एकाच ओळीत बसविलेले. हा केटो इ. स. पूर्व १९५ मध्ये कॉन्सल होऊन स्पेनच्या स्वारीवर गेला. परत येताना, मोहीमभर ज्याच्या पाठीवर बसला तो घोडा त्याने तिथेच सोडला; घोड्याच्या जहाजभाड्याचा बोजा सरकारी तिजोरीवर नको म्हणून! ही हकिकत प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने सुमारे तीनशे वर्षांनी लिहून ठेविली, आणि हे मोठ्या मनाचे लक्षण की कोत्या मनाचे, असा प्रश्नही तिथेच उभा केला. शेजारीच तो अथेन्सचे उदाहरण देतो. पार्थेनॉन देवालय बांधताना ज्या खेचरांनी दगड वाहिले, त्यांतली थकलेली खेचरे अथेन्सकरांनी मोकळी सोडली. त्यांतले एक आपण होऊन कामावर येई आणि ओझ्याच्या जनावरांबरोबर पुढे पुढे चाले. नगरसभेने ठराव करून त्याच्या पोटाची सोय सरकारातून केली. ॲरिस्टॉटलनेही हे खेचर नोंदविले आहे; धान्यवाल्यांनी त्याला आपल्या पाट्यांपासून हाकलू नये असा हुकूम झाला, असे तो सांगतो.

या दोन गोष्टींत दया आणि काटकसर यांचा झगडा आहे, असे वरवर वाटेल. आमच्या मते घोड्याच्या बाबतीत खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जनावर कामातून गेले, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? हा निवाडा बहुधा एका सकाळी होतो. काल तांग्याला चाललेला घोडा आज पुढचा पाय जमिनीला टेकवीत नाही. वय झालेले, पाय गेलेला. मालक पाहतो आणि मनात हिशेब मिटवून टाकतो.

आपल्याकडे कौटिल्याने निकामी आणि आजारी घोड्यांचा विचार केलेला आहे. अर्थशास्त्रातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात युद्धाने, रोगाने वा जरेने निकामी झालेल्या घोड्यांनाही पोटापुरते अन्न देण्याची तरतूद आहे. पण त्याहून आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो दंडाचा नियम. उपचारात हयगय होऊन रोग वाढला तर खर्चाच्या दुप्पट दंड, आणि जनावर दगावले तर त्याची किंमत भरून द्यावयाची. म्हणजे घोडा लंगडला की ‘त्याचे नशीब’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय नव्हती. अश्ववैद्यकाचे मूळ पुरुष शालिहोत्र. त्यांच्याच नावावरून मराठीत घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणू लागले. विराटाच्या घरी ग्रंथिक नाव घेऊन घोडे सांभाळणाऱ्या नकुलाच्या नावावरही अश्वचिकित्सेचा एक ग्रंथ आहे.

मराठ्यांच्या फौजेत तर या पायावर माणसाची पायरी ठरे. शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा पायाने गेला आणि दुसरा घेण्याची ऐपत नसली, तर शिलेदारी संपली. अशा घरात लंगड्या घोड्याशेजारी रात्रभर कोणी बसले असेल, तर ते केवळ भूतदयेने बसले असे आम्ही म्हणणार नाही.

आता या पायातच डोकावले पाहिजे, कारण पुढची कथा त्यावाचून कळणार नाही. घोड्याचे खूर म्हणजे एक ताठ डबी. माणसाच्या बोटाला गळू झाले तर बोट सुजते. खुराच्या आत पू झाला तर त्याला सुजायला जागाच नाही. खडा रुतला, नाल ठोकताना खिळा आतल्या मांसाजवळ गेला, की आत पू साठतो, आणि एका रात्रीत घोडा असा लंगडतो की पाहणाऱ्याला वाटावे हाड मोडले. घोड्याच्या एकाएकी आणि जबर लंगडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण. उपाय साधा आहे. कुशल नालबंद किंवा डॉक्टर चिमट्याने खूर दाबून दुखरी जागा शोधतो, सुरीने तेवढी वाट मोकळी करतो, पू वाहतो, पोटीस बांधतात, आणि कित्येकदा एक-दोन दिवसांत तोच घोडा पाय टेकू लागतो. या साध्या गळवापायी आजवर किती घोडे गोळीला किंवा कसायाला गेले असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

दुसरा रोग असा उपकारी नाही. खुराची भिंत आतल्या हाडाला अतिशय नाजूक पदरांनी जोडलेली असते. त्या पदरांना बाधा झाली की हाड आपल्या जागेवरून फिरते किंवा खाली खचते. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. फार दाणा खाल्ल्याने घोडा आजारी पडतो, हे इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या झेनोफोनला ठाऊक होते, आणि असे विकार सुरुवातीलाच पाहिले तर बरे होतात असेही त्याने बजावले. म्हाताऱ्या घोड्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडामुळे हा रोग होतो, हे मात्र अलीकडचे ज्ञान. लांब न झडणारे केस हे वयाचे लक्षण समजून लोक सोडून देत. ते या रोगाचे लक्षण ठरले. रक्ततपासणीने तो ओळखता येतो, रोजच्या गोळीने आटोक्यात ठेवता येतो. शिवाय एक पाय दुखत असता सारा भार जोडीच्या पायावर पडून तोही असाच बिघडतो. बार्बारो हा अमेरिकेचा नामांकित शर्यतीचा घोडा. त्याचा मोडलेला मागचा पाय २००६ मध्ये शस्त्रक्रियेने जोडला, तरी या विकारामुळे जानेवारी २००७ मध्ये त्याला मरण द्यावे लागले.

या दोन रोगांत फरक करणारा माणूस जिथे नाही, तिथे काय होते, ते कैरोने दाखविले. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या १९१८ च्या मोहिमेत घोडदळाने मोठे काम केले. आपले पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स हे रिसालेही त्यात होते. युद्ध संपले आणि ब्रिटिश सैन्याने हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. परत नेण्याचा खर्च परवडेना. केटोचाच हिशेब! हे घोडे टांग्यांना, दगडांच्या गाड्यांना जुंपले गेले.

१९३० साली एका ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याची पत्नी डोरोथी ब्रुक कैरोला आली. अंगावर सैन्याची डागलेली खूण, आणि पायांनी मोडलेले असे घोडे तिला रस्त्यावर दिसू लागले. लढाईत असलेला घोडा म्हणजे तेव्हा त्याचे वय बहुतेक विशीच्या आसपास किंवा पुढेच. एप्रिल १९३१ मध्ये तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रात पत्र लिहून मदत मागितली. पैसा आला, आणि तीन वर्षांत तिने सुमारे ५,००० घोडे विकत घेतले.

बहुतेकांना तिने मरणच दिले. ऐकून धक्का बसेल, परंतु आम्हांला यात तिचे मोठेपण दिसते. खचलेल्या हाडांवर, वर्षानुवर्षे न पाहिलेल्या खुरांवर उभ्या असलेल्या जनावराला केवळ जिवंत ठेवणे ही दया नव्हे, हे तिने ओळखले होते. आधी काही दिवस पोटभर चारा, अंगाखाली मऊ अंथरूण, मग शेवट. आणि घोडा हिसकावून न घेता ती मालकाला किंमत मोजत असे, कारण त्याच्या घरची चूल त्याच घोड्यावर पेटत होती. आमच्याकडे प्राण्यांच्या कळवळ्याने बोलणारे पुष्कळ आहेत. टांगेवाल्याचाही विचार करणारे थोडे.

यापुढचे पाऊल तर अधिकच शहाणपणाचे. लढाईतले घोडे संपत आले, तेव्हा १९३४ मध्ये तिने कैरोत युद्धाश्वांच्या स्मरणार्थ रुग्णालय काढले. गरीब गाडीवानाच्या जनावरावर फुकट उपचार. फुकट याचा अर्थ एवढाच की घोडा लंगडल्याच्या दहाव्या दिवशी न येता पहिल्याच दिवशी दारात यावा. तेव्हा गळू अजून गळूच असते आणि हाड जागेवर असते. १९५५ मध्ये ब्रुकबाई कैरोतच वारल्या. त्यांच्या नावाची संस्था भारतातही घोडे, गाढवे आणि खेचरे यांच्यासाठी काम करते, आणि गावोगावच्या नालबंदांना खूर तासण्याचे व नाल बसविण्याचे शिक्षण देणे हा त्या कामाचा एक भाग आहे.