सर्व्हर आपलाच, म्हणून पासवर्ड उघडा?

रात्री दोनला आपोआप चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड सरळ लिहून ठेवला, तर बिघडतं काय? सर्व्हर आपला, खोलीला कुलूप, आत येणारे आपलेच. शिवाय मध्यरात्री पासवर्ड टाइप करायला बसणार कोण? इकडे माळव्यात, पीथमपूरच्या कारखान्यापासून देवासच्या पतसंस्थेपर्यंत कुठेही विचारा, संगणक सांभाळणाऱ्यांकडून हाच युक्तिवाद ऐकायला मिळतो. पूर्वपक्ष म्हणून तो नीट मांडायला हवा, कारण त्यातला शेवटचा प्रश्न खरोखर रास्त आहे. ‘आत येणारे आपलेच’ हे मात्र मला मुळीच मान्य नाही.

त्यासाठी उदाहरण शोधायला देवासबाहेर जावं लागत नाही. इथल्या बँक नोट प्रेसइतका पहारा या भागात दुसरीकडे क्वचितच असेल. तिथे जानेवारी 2018 मध्ये सुरक्षा दलाने प्रेसच्याच एका अधिकाऱ्याला पकडलं. बाद ठरवलेल्या नोटा तो बुटात लपवून नेत होता. झडतीत सुमारे 90 लाख रुपये सापडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. बाहेरच्याला अडवणाऱ्या भिंती त्याच्यासाठी नव्हत्याच, कारण त्या नोटांपर्यंत पोचणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. ‘आतला’ म्हणजे विश्वासाचा, हे समीकरण चलनी कागदाच्या बाबतीत टिकलं नाही. डेटाबेसच्या बाबतीत ते टिकेल असं मानायला आधार काय?

आता स्क्रिप्टकडे जवळून पाहू. पुष्कळदा ती वेगळी फाइलही नसते; ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबच्या ओळीतच, डंपची आज्ञा लिहिलेली असते: रूटचं नाव, डॅश-पीला चिकटवलेला पासवर्ड, पुढे उभी रेघ आणि जीझिप. जाणकार म्हणतात, मायएसक्यूएलची साधनं सुरू होताच आपल्या ओळीतला पासवर्ड पुसून तिथे एक्स भरतात, मग चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या पीएस आज्ञेने तो दिसेल कसा? साधनं पुसतात हे खरं. पण पुसण्याआधी क्षणभर तो उघडा असतो, आणि ती पुसतात फक्त स्वतःची ओळ. क्रॉनने ही आज्ञा चालवायला जे शेल उघडलं, त्याच्या ओळीत आख्खी आज्ञा पासवर्डसकट तशीच राहते आणि डंप संपेपर्यंत दिसत राहते. मोठ्या डेटाबेसला अर्धा तास लागला, तर अर्धा तास. सर्व्हरवर साधं खातं असलेला कोणीही, अगदी प्रिंटरची दुरुस्ती करायला लॉगिन दिलेला माणूसही, ती वाचू शकतो. शिवाय बहुतेक लिनक्सवर क्रॉन ही ओळ रोज रात्री लॉगमध्ये नोंदवतो. म्हणजे पासवर्डची दैनंदिनीच तयार होते.

यावर दुसरं मत येतं: मग पासवर्ड बेस64 करून ठेवा. हे मला पहिल्यापेक्षा घातक वाटतं, कारण त्याने निर्धास्तपणा येतो. बेस64 एका आज्ञेत उलटतं. मायएसक्यूएलची स्वतःची लॉगिन फाइल दिसायला अगम्य असते, पण तिची किल्ली त्याच फाइलमध्ये असते आणि सोबत येणारं एक साधन त्यातला पासवर्ड साध्या अक्षरांत छापून देतं. चुकून पडद्यावर दिसू नये, एवढाच तिचा उपयोग. ‘आमचं गिट खाजगी आहे’ हेही याच जातीचं समाधान. उबरच्या खाजगी कोडसाठ्यात शिरलेल्यांना 2016 मध्ये तिथेच किल्ल्या सापडल्या आणि 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली.

उरतो तो रास्त प्रश्न: पासवर्ड शेवटी कुठेतरी ठेवावाच लागणार, मग एवढा आटापिटा कशाला? पहिलं उत्तर असं, की पुष्कळदा तो ठेवावाच लागत नाही. डेटाबेस आणि स्क्रिप्ट एकाच यंत्रावर असतील, तर पोस्टग्रेसची पीअर पद्धत किंवा मायएसक्यूएलची सॉकेट पद्धत विचारते ते एवढंच: ही आज्ञा यंत्रावरच्या कोणत्या खात्याने दिली? ती ओळख ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः पटवते. पासवर्डच नाही, तर चोरणार काय? बॅकअपला वेगळं खातं द्यायचं आणि त्याची हद्द आखायची. देवास संस्थानाच्या थोरली पाती आणि धाकटी पाती या दोन शाखा एकाच गावात नांदत, पण कारभार वेगवेगळे होते. एका यंत्रावरच्या खात्यांचंही तसंच असावं.

यंत्रं दोन असतील तर पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा, परवानगी 600, म्हणजे मालकाखेरीज (आणि अर्थात रूटखेरीज) कोणी वाचू नये. पोस्टग्रेस याबाबत कडक आहे: पासवर्डची फाइल इतरांना वाचता येत असेल तर तो ती वापरतच नाही. मायएसक्यूएलची साधी कॉन्फिग फाइल मात्र इतरांना वाचता येत असली तरी चालून जाते, तिथे दक्षता आपली.

आणि बॅकअपचं खातं डेटाबेसच्या रूटचं कधीच नको. डंपला वाचण्याचा, व्ह्यू आणि ट्रिगर पाहण्याचा अधिकार लागतो, गरजेनुसार टेबल लॉक करण्याचा. टेबल पुसण्याचा अधिकार बॅकअपला कशाला? असं खातं फुटलं तरी माहिती बाहेर जाईलच, हे मी नाकारत नाही, आणि तेही लहान नुकसान नव्हे. वैयक्तिक माहिती राखण्यात हलगर्जी झाली तर 2023 च्या कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्या खात्याने कोणाला सभासदांच्या ठेवींचे आकडे बदलता येणार नाहीत.

जुन्या स्क्रिप्टमधून पासवर्ड नुसता पुसून भागत नाही. तो गिटच्या इतिहासात, जुन्या लॉगमध्ये, बॅकअपच्या प्रतींत राहतोच, म्हणून तो बदलायलाच हवा. इथे शेवटचा आक्षेप येतो: बदलला तर आणखी दहा ठिकाणी काहीतरी बंद पडेल. पडू द्या, कामाचा दिवस आणि जबाबदार माणूस समोर ठेवून. डेटाबेसच्या लॉगमध्ये नाकारलेल्या जोडण्यांची नोंद आधी चालू करून ठेवली, तर अशी प्रत्येक जोडणी दिसेल, आणि तो एकच पासवर्ड कोण कोण वापरत होतं ते कळेल. मग त्या प्रत्येकाला स्वतःचं खातं द्यावं.