चुलीशेजारी आलेली शेगडी

कापसाची वेचणी संपून पऱ्हाटी उपटली, की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरामागे तिची गंजी लागते. कुठे तुराट्या, कुठे गोवऱ्यांची रास. घरात गॅस आला तरी हे सरपण रचलं जातंच, कारण टाकी पुरवून वापरावी लागते. दूध, चहा, सकाळची घाईची भाजी गॅसवर. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. आज आम्ही बोलणार आहोत ते या दोघींच्या एकत्र नांदण्याबद्दल.

चुलीचा धूर बाईच्या छातीत आणि डोळ्यांत जातो, हे काही गॅस कंपन्यांनी आधी सांगितलं नाही. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि धूर नळीवाटे बाहेर काढणारी मातीची 'मगन चूल' तिथूनच पुढे आली. आपल्या विदर्भातली ही गोष्ट, पण आपल्याच मुलींना कोणी सांगत नाही.

मग घासलेटचे स्टोव्ह आले. पंप मारायचा, पिन घालायची, भडका उडाला की मागे सरायचं. 'स्टोव्हचा भडका होऊन सून भाजली' ही बातमी आमच्या आयांनी इतक्यांदा ऐकली, की तिच्यावरचा विश्वासच उडाला. प्रत्येक वेळी दोष स्टोव्हचा नव्हता. सासरच्या छळाविरुद्ध १९८३ मध्ये आणि हुंडाबळीविरुद्ध १९८६ मध्ये कायद्यात कलमं आली, त्यामागे अशा जळालेल्या लेकीबाळी होत्या. पुढे शेगडी घरात आली तेव्हा म्हाताऱ्या बायका तिच्यापासून लांब बसायच्या, त्याचं कारण हेच.

गॅस मात्र स्टोव्हसारखा वागत नाही. आपल्या देशात तो १९५०च्या दशकात मुंबईत विकला जाऊ लागला, १९६५ मध्ये कोलकात्यात 'इंडेन' सुरू झाला. कितीतरी वर्षं तो शहराचाच राहिला. नंबर लावायचा, वाट पाहायची, आणि कार्ड बहुतेक घरच्या पुरुषाच्या नावावर. २०१६च्या उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्या नावावर आली. पण टाकी बसवायला आलेल्या माणसाने रेग्युलेटर लावून दाखवला तो घरधन्याला! आमच्या गटातल्या कितीतरी जणी टाकी बदलायची म्हटलं की शाळेतून पोरगा यायची वाट बघायच्या. रात्री वास आला आणि घरात पुरुष नसला, तर काय करायचं?

तो वासही मुळात गॅसचा नाही. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावी शाळेच्या जमिनीखाली नैसर्गिक वायू साचला. त्याला वास नसल्याने कुणाला कळलं नाही. एका ठिणगीने सारी इमारत उडाली आणि सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक लेकरंच. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या टाकीतही ते मिसळलेलं असतं.

आता आपल्या घराकडे या. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड. तो गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. (गोबरगॅस हलका, तो वर जातो; ज्यांच्याकडे त्याचं संयंत्र आहे त्यांनी दोन्हींची सवय वेगळी ठेवावी.) आपण बसून स्वयंपाक करणाऱ्या. शेगडी जमिनीवर, टाकी शेजारी, आणि चार हातांवर पेटती चूल. गळलेला गॅस सरपटत आधी तिथेच पोचणार. म्हणून दोघींना एका खोलीत ठेवू नका. जागा नसेल तर चूल पडवीत न्या. शेगडी ओट्यावर किंवा दगडी फरशीवर टाकीपेक्षा उंच हवी आणि टाकी नेहमी उभी.

वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्हीकडून पडते. रेग्युलेटर बंद करा, देवापुढचा दिवा आणि चूल विझवा, दारं-खिडक्या उघडा, लेकरांना घेऊन बाहेर पडा आणि तिथून १९०६ला फोन लावा. गळती शोधायला काडी ओढू नका, नळीवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की समजायचं. नळी पाच वर्षांनी बदलायची, उंदराने कुरतडली तर लगेच. ज्योत पिवळी झाली, भांडं काळं पडू लागलं, तर बर्नर साफ करायला झाला. आणि झोपताना फक्त शेगडीचं बटण नाही, रेग्युलेटरही बंद.

पुढची टाकी घेताना वरच्या कड्याखालच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. ती टाकीच्या तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेली असेल तर टाकी दारातूनच परत पाठवा आणि आणणाऱ्याला रेग्युलेटर तुमच्या हाताने लावून बघू द्यायला सांगा.