माथेरान राखलं, पायथ्याच्या माळाचं काय?

नेरळहून कर्जतला येताना उजव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात हिरवागार. पायथ्याला मात्र ‘निसर्गाच्या सान्निध्यात एन.ए. प्लॉट’ असे बोर्ड. मी लहानपणी करवंदं खाल्ली त्या माळाला आता तारेचं कुंपण आहे. डोंगर राखला आणि माळ गेला, असं का झालं?

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढले आणि साहेबलोकांना थंड हवेची जागा सापडली. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्याला ऐनाच्या फांद्या नि पाला लागतो. त्यावरच बंधनं आली. ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. जंगल म्हणजे नकाशावरची रेघ आणि गावकरी रेघेबाहेर, हा हिशोब तेव्हापासूनचा.

४ फेब्रुवारी २००३ ला वेगळं काही घडलं. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप कोर्टात लढला आणि केंद्राने माथेरान व परिसर, सुमारे २१४ चौरस किलोमीटर, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. नुसतं डोंगरावरचं गाव नाही, तर कर्जत-खालापूरसह शेजारच्या तालुक्यांचा भागही त्यात आला. सगळ्या पट्ट्याचा एकच आराखडा राज्याने दोन वर्षांत करायचा होता. त्याला दशकाहून जास्त काळ लागला. तोवर प्लॉटवाले थोडेच थांबणार!

शिवाय रेघ कुठेतरी संपतेच, ओढा संपत नाही. डोंगरावरचं पाणी माळात मुरतं, मग उल्हास आणि पाताळगंगेला मिळतं. रात्री भेकर त्याच माळावर उतरतं, दिवसा आपली गुरं तिथेच चरतात. पण सातबारावर अशा जमिनीला शब्द काय? पोटखराबा! झाडं दाट असतील तरच जंगल, करवंदीची जाळी म्हणजे खराब जमीन, हीच समजूत प्लॉटिंगच्या कामी येते.

बांधकामच नको, असं माझं म्हणणं नाही. आपल्या पोरांनाही रोजगार हवा, घरं हवीत. पण कुठे बांधायचं हे ठरवताना डोंगर, माळ, ओढा आणि वाडी एकाच नकाशावर बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो. ठाकूर-कातकरी वाड्यांना वगळून कसलं संवर्धन?

पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या गावाचा नकाशा मागा. ओढे कुठे, गुरचरण कुठे, माळ कुठे, ते त्यावर दाखवायला लावा. विकास आराखड्याला हरकती मागवतील तेव्हा लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. कुंपण पडल्यावर बोलून उपयोग नाही, हे मी माझ्या करवंदीच्या माळावर शिकलोय.