अंगठा, खातें आणि किल्ली

स्त्रीच्या नांवावर धन असणें आणि तें तिच्या स्वाधीन असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. खानदेशचा इतिहास या भेदाची साक्ष देतो.

1906 सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या जिल्ह्यांच्या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. या कपाशीच्या मुलुखांत शेत बहुधा पुरुषाच्या नांवें, म्हणून कर्जही त्याच्याच नांवें. मग तें सावकाराचें असो, वा 1904 च्या कायद्यानें उभ्या राहिलेल्या सहकारी पतपेढीचें. बाईची शिल्लक उतरंडीच्या मडक्यांत किंवा अंगावरच्या चांदींत राही. कागदाशीं तिचा संबंध आलाच, तर तो अंगठा उठवण्यापुरता. वरचा मजकूर दुसऱ्यानें वाचावा आणि तिनें विश्वास ठेवावा! ही बुद्धीची उणीव मात्र नव्हती. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता इतरांनीं लिहून ठेवली म्हणून वांचली.

1992 सालीं नाबार्डनें बचत गटांस बँकांशीं जोडण्याचा उपक्रम आरंभिला, तेव्हां चित्र पालटूं लागलें. गटाच्या बैठकींत पैसे सर्वांदेखत मोजावयाचे, वहींतील नोंद मोठ्यानें वाचावयाची. वाचणारी एकच असली, तरी ऐकणाऱ्या दहा जणी असत.

पुढें याच प्रदेशांत अंगठ्याला नवें महत्त्व आलें. 1998 पर्यंत धुळें जिल्ह्यांत असलेल्या व नंतर नंदुरबार जिल्ह्यांत गेलेल्या टेंभली या गांवीं 29 सप्टेंबर 2010 रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले. 2014 सालीं जनधन खातीं उघडलीं. 2016 सालीं यूपीआयची सोय झाली. 2024 सालीं ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1500 रुपये स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यांत जमा होऊं लागले. पूर्वीं बाईला कर्जांत बांधणारा अंगठा आतां तिचेंच खातें उघडूं लागला.

परंतु यंत्रानें हिशेब पुन्हां एकान्तांत नेला. सांकेतिक आंकडा ज्या मोबाइलवर येतो, तो अनेकदां नवऱ्याच्या वा मुलाच्या खिशांत असतो. संदेश पुष्कळदां इंग्रजींत, आणि घरची बोली अहिराणी. निंदणी-वेचणीनें झिजलेलीं बोटें यंत्राला ओळखूं येत नाहींत. अंगठा दोनदां उमटवला, तर रक्कम एकदांच निघाली कीं दोनदां, हें पावतीवांचून कसें कळावें? यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं असतो, घेण्यासाठीं कधींच नव्हे, एवढी गोष्ट ठाऊक नसल्यामुळेंही कष्टाची कमाई क्षणांत जाते.

म्हणून खातें उघडलें कीं काम संपलें, असें मानणें चुकीचें होय. बचत गटांत वही जशी मोठ्यानें वाचली जाई, तशीच मोबाइलवरील नोंद व यंत्राची पावतीही चारचौघींत वाचली गेली पाहिजे. खात्यावरील नांव सरकार लिहूं शकतें. किल्ली मात्र वाचणाऱ्याच्याच हातीं राहते.