तबर आणि तिची भावंडे

आपल्या नौदलाच्या तलवार वर्गातल्या पहिल्या सहा फ्रिगेट युद्धनौकांची नावे ओळीने म्हणून पाहा: तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तरकश, त्रिकंड. सगळी 'त'ची. त्यांतली तबर, तेग आणि तरकश फारसीतून आलेली, उरलेली संस्कृताच्या घरची. 'तलवार'मागे 'तरवारि' उभी आहे. 'त्रिकंड' म्हणजे तीन कांडांचा. ऐतरेय ब्राह्मणातला असा बाण म्हणजे मृगनक्षत्रातले ओळीतले तीन तारे असावेत. अमरकोशालाही त्रिकांड म्हणतात, पण तो तीन कांडांच्या ग्रंथरचनेमुळे.

फारसी तिघींना परक्या म्हणवत नाही. 'तेग'चा मूळ अर्थ धारदार असा दिसतो, म्हणजे धार लावणे या अर्थाचा संस्कृत 'तिज्' धातू, त्यातून आलेले तिग्म, तीक्ष्ण आणि तेज हे तिचे सगोत्रच. 'तरकश' हा तीर आणि कश यांचा समास. यातला बाणवाचक 'तीर'ही त्याच धारेचा असावा. नदीच्या तीराशी त्याचे नाते नाही. 'कश' हा 'कशीदन', म्हणजे ओढणे, यातला. त्याचा संस्कृत सोयरा 'कृष्'. शेतकऱ्याची कृषी, आजीचा कशिदा आणि योद्ध्याचा भाता असे एका ओढीने जवळ येतात! आठ ब्रह्मोस क्षेपणास्त्रे उभ्या नळ्यांत बाळगणाऱ्या नौकेला भात्याचे नाव फार नेमके आहे. खुद्द 'ब्रह्मोस'मध्येही ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांचा संगम आहे.

मला सर्वांत मोह पडतो तो 'तबर'चा. फारसीत तबर म्हणजे परशू, कुऱ्हाड. तबरिस्तान या प्रांतनामाचा अर्थही कोणी कुऱ्हाडींचा देश असा लावला होता, पण ते नाव तपूर लोकांवरून पडले असावे. आर्मेनियनमध्ये कुऱ्हाडीला 'तपर' म्हणतात, रशियनमध्ये 'तोपोर', उच्चारी 'तपोर'. आपल्या तोफेशी त्याचा संबंध नाही, ती तुर्की. रशियन शब्द मात्र प्राचीन काळी इराणी भाषांतून स्लाव्हांकडे गेला असावा. आणि ही नौका बांधली गेली सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक गोदीत. 19 एप्रिल 2004 रोजी रशियातल्याच कालिनिनग्राडमध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली. दिल्लीच्या वाटेने आपल्याकडे आलेला इराणी शब्द आपल्या उत्तरेकडच्या भावाच्या दारात पाण्यावर उतरला.

आपल्या गावच्या सुताराच्या किंवा लाकूडतोड्याच्या हत्यारांत 'तबर'च्या जवळचा एखादा शब्द ऐकला असेल, तर तो कुठे आणि कोणत्या अर्थाने ऐकला ते अवश्य कळवा.