दोघांची नोंद : बंगळूर, सुई आणि एच.आय.व्ही.

सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त एका नव्या गुप्तरोगाला ‘फिरंगरोग’ असे नाव दिले. रोग परक्याचा, हा निवाडा त्या नावातच झालेला आहे. बंगळूरची लष्करी छावणी १८०९ साली वसली; १८६४ च्या छावणी कायद्यानंतरच्या काळात तेथील ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये सक्तीची तपासणी होई ती स्त्रीची, गोऱ्या शिपायाची नव्हे. संबंध दोघांचा, दप्तरी नोंद एकीची.

एच.आय.व्ही.च्या इतिहासात ही विभागणी निराळ्या रूपाने परतलेली दिसते. १९८६ साली तत्कालीन मद्रासमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत देशातील पहिली लागण आढळली. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने ‘जोखीमगट’ आखले. त्यांतील ‘सुईने नशा करणारा’ हा व्यवहारतः पुरुषच. पत्नी ‘जोडीदार’ ह्या पुरवणी रकान्यात गेली. कर्नाटकात साथीचा मुख्य मार्ग लैंगिक संबंध हाच असल्याने, २००३ साली बंगळूरला स्थापन झालेल्या कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्टसारख्या संस्थांचे लक्ष प्रारंभी वेश्याव्यवसायाकडे वळले, हे समजण्याजोगे आहे. सुई टोचून घेणारे दांपत्य मात्र दोन रकान्यांच्या फटीत राहिले. मणिपूरमधील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाधित नशाबाज पुरुषांच्या सुमारे ४५ टक्के पत्नींना लागण झालेली आढळली. त्यांतील बहुतेकींनी स्वतः सुई घेतलेली नव्हती.

दोघेही सुई घेतात तेव्हा तर जोखमीचे दोन मार्ग एकाच घरात मिळतात. परक्याची सुई नाकारणारा माणूस पत्नीची नाकारत नाही, कारण ती ‘घरची’. निरोधाचेही तेच : त्याची मागणी म्हणजे अविश्वासाची कबुली ठरते. ज्याला आरोग्यशास्त्र निष्काळजीपणा म्हणते, ते ह्या दोघांच्या भाषेत विश्वासाचे प्रमाण असते. (मराठीत ‘उष्टे’ ह्या शब्दाला किळस आणि जवळीक असे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत, हे येथे आठवावे.)

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सेवन हाही गुन्हा ठरवला. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याच्या २२ व्या कलमाने स्वच्छ सुई पुरवण्याला संरक्षण दिले आणि त्यासाठी एक दृष्टांतही रचला : एक्स हा वायकडून वापरलेली सुई घेतो व नवी देतो, दोघेही दोषी नाहीत. ती नवी सुई वाय घरी कोणाबरोबर वापरतो, हे दृष्टांतात नाही. जोडीदार भेटतो तो नवव्या कलमात, पण तेथे तो लागणीची वार्ता कळवण्याजोगी व्यक्ती आहे, सुईचा वाटेकरी नव्हे.